जर्मनीत पत्ता म्हणजे टपालपेटीवरचं नाव

आपल्याकडे पत्ता म्हणजे छोटीशी गोष्टच असते. दत्तमंदिरासमोरची गल्ली, पिठाच्या गिरणीवर दुसरा मजला, आणि नाहीच सापडलं तर खालच्या वाण्याला विचारा. जर्मनीत बारा बिऱ्हाडांची इमारत असली तरी पत्त्यात फ्लॅट नंबर बहुधा नसतोच. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पाच आकडी पिनकोड, गाव. संपलं. मग बारांपैकी तुमचं घर कोणतं? खाली टपालपेट्यांची रांग असते, त्यात जिच्यावर तुमचं आडनाव लिहिलंय ती तुमची. आडनाव नसेल तर पोस्टमन वर येऊन चौकशी करत नाही. पाकीट 'या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही' म्हणून परत जातं.

मला हे उशिरा कळलं. नवरा माझ्याआधी चार महिने स्टुटगार्टला आला होता. पेटीवर त्याचं आडनाव होतं, आणि मी लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही. पहिल्या महिन्यात माझं बँकेचं कार्ड, त्याचा पिन असलेलं वेगळं पाकीट, विम्याचं कार्ड आणि कर क्रमांकाचं पत्र, सगळं एकेक करून परत गेलं. आम्ही मात्र 'जर्मन लोक वेळेचे पक्के म्हणे!' असं म्हणत हसत बसलो होतो.

म्हणून पुण्याहून किंवा नाशिकहून जर्मनीला निघालेलं कुणी विचारतं, 'पहिलं काम काय करू?', तेव्हा मी सिमकार्ड सांगत नाही. घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं पासपोर्टवरचं आडनाव पेटीवर आणि दारावरच्या घंटीवर चिकटवा, असं सांगते. घरमालकाची ठरावीक नमुन्याची पट्टी यायची असेल तर तोवर कागद आणि चिकटपट्टी चालते. हा देश अजूनही पत्रांवर चालतो. पत्र नावावर येतं आणि नाव नोंदवलेल्या पत्त्याला बांधलेलं असतं. ही साखळी एकदा डोक्यात बसली की बाकीची बरीच भानगड सुटी होते.

नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत गावाच्या नागरिक कार्यालयात जाऊन 'मी इथे राहतो' अशी नोंद करायची असते. हा कायदा जर्मन माणसालाही लागू आहे, त्यामुळे परदेशी म्हणून वेगळी वागणूक मिळतेय असं वाटून घेऊ नका. पासपोर्ट, व्हिसा, भरलेला अर्ज आणि घरमालकाची सही असलेला एक कागद लागतो. त्या कागदाचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव पाठ झालं नाही तरी चालेल, पण कागद विसरू नका, कारण भाडेकरार दाखवून भागत नाही. मालकाने 'ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्या घरात राहायला आली' असं लिहून द्यावं लागतं.

अडकतात ते इथेच. सुरुवातीला दोन-तीन महिन्यांसाठी म्हणून घेतलेल्या सर्व्हिस अपार्टमेंटचा किंवा खोलीचा मालक हा कागद द्यायला पुष्कळदा नाही म्हणतो. घर बुक करायच्या आधीच लेखी विचारा, 'इथे आनमेल्डुंग होईल का?' उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं घर बघा, थोडं महाग पडलं तरी. मोठ्या शहरांत कार्यालयाची वेळ मिळायलाच दोन आठवड्यांहून जास्त लागतात. अशा वेळी वेळ घेतल्याचा ईमेल जपून ठेवा. सकाळी लवकर संकेतस्थळ पाहिलं तर कुणीतरी रद्द केलेली वेळ हाती लागते, हा स्वानुभव.

अर्जात धर्माचा रकाना असतो. हिंदू कुटुंबाला त्याने काही फरक पडत नाही. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक मित्रांनी मात्र तो समजून भरावा. जर्मनीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चसाठी सरकारच पगारातून चर्चकर कापून घेतं. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दोन राज्यांत तो आयकराच्या ८ टक्के आहे, बाकी सगळीकडे ९ टक्के. चर्चमधून रीतसर बाहेर पडेपर्यंत तो चालूच राहतो. कुणी आनंदाने भरेल, कुणी नाही, पण पहिल्या पगारपत्रकावर धक्का बसू नये इतकंच.

नोंदणी झाली की दोन-चार आठवड्यांत केंद्रीय कर कार्यालयाकडून अकरा आकडी कर क्रमांकाचं पत्र येतं. हा क्रमांक जन्मभराचा. कंपनीला तो वेळेत दिला नाही तर पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात जड, कर कापला जाऊ शकतो. पैसे बुडत नाहीत, वार्षिक विवरणपत्र भरलं की परत मिळतात. पण नव्या संसाराच्या पहिल्याच महिन्यात कुणाला परवडतंय? ज्यांना विवरणपत्र भरणं सक्तीचं नसतं त्यांनाही ते मागच्या चार वर्षांचं भरता येतं, आणि पहिल्या अर्धवट वर्षाचे पैसे जवळजवळ नेहमीच परत येतात. नवरा-बायको दोघांची नोंदणी झाली की दोघांना चौथा कर वर्ग लागतो. एकाचाच पगार असेल तर अर्ज करून तीन-पाच अशी जोडी घेता येते, म्हणजे कमावणाऱ्याला तिसरा वर्ग आणि त्याच्या पगारातून कमी कापणी. जोडीदार अजून भारतातच असेल तर ही सवलत मिळत नाही.

याच नोंदणीच्या मागोमाग आणखी एक पाकीट येतं आणि नवखे लोक ते फसवणूक समजून फेकून देतात. ती आकाशवाणी-दूरदर्शनची वर्गणी असते. दर घरामागे महिना १८.३६ युरो. टीव्ही नाही, रेडिओ नाही, जर्मन कळत नाही, यातलं काहीही सांगून उपयोग नाही. वर्गणी माणशी नसून घरटी असते, त्यामुळे चार मित्र एकत्र राहत असाल तर एकानेच भरायची आणि बाकी तिघांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा. दुर्लक्ष केलं तर दंड चढत जातो आणि शेवटी वसुलीपर्यंत गोष्ट जाते.

पाकीट उघडायचं कधी? आजच

जर्मन सरकारी पत्राला मुदत असते, आणि तुम्ही पाकीट उघडलं नाही म्हणून ती थांबत नाही. साध्या टपालाने आलेलं सरकारी पत्र पाठवल्यानंतर चौथ्या दिवशी तुम्हाला मिळालं, असं कायदा धरून चालतो. २०२५च्या आधी तिसरा दिवस धरत. कर आकारणी चुकली असं वाटलं तर हरकत घ्यायला तिथून एक महिना मिळतो.

पिवळं पाकीट आलं तर जास्त सावध व्हा. त्यावर पोस्टमनने हाताने तारीख लिहिलेली असते. पाकीट तुमच्या पेटीत पडलं, त्याच तारखेला ते तुम्हाला पोचलं असं कायद्याने ठरतं. मग तुम्ही सांगलीला लग्नाला गेलेले असा, नाहीतर वरच्या मजल्यावर झोपलेले असा. वाहतुकीच्या दंडावर हरकत घ्यायला त्या तारखेपासून दोनच आठवडे असतात. म्हणून पाकीटही फेकू नका, पत्राबरोबरच लावून ठेवा. दिवाळीला महिनाभर भारतात जाताना पेटीची किल्ली शेजाऱ्याकडे किंवा मित्राकडे द्या, आणि पिवळं काही दिसलं तर फोटो पाठव म्हणून बजावा.

कागद ठेवायला दोन भोकांची जाड फाइल घ्या. तिला इथे ऑर्डनर म्हणतात. हा प्रकार लोकप्रिय करणारे लुई लाइट्स आमच्या स्टुटगार्टचेच, आणि इथल्या घरांत ऑर्डनरची रांग आपल्याकडच्या डब्यांच्या मांडणीसारखी कौतुकाने लावलेली दिसते. मी आधी हसायचे. आता माझ्याकडे नऊ आहेत.

करार मोडायचा तरी लेखीच. मोबाइल आणि इंटरनेटचे करार दोन-दोन वर्षांचे असतात. पूर्वी ते आपोआप आणखी वर्षभर वाढत. आता पहिली मुदत संपली की एक महिन्याच्या सूचनेवर कधीही बंद करता येतात. फोनवर 'बंद करतो' म्हणालात आणि तिकडून 'ठीक आहे' आलं, यावर विसंबू नका. लेखी पाठवा आणि पोच घ्या.

घर

जाहिरातीत दोन खोल्या लिहिल्या असतील तर त्याला आपलं वन बीएचके समजा. हॉलही खोलीतच मोजतात, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजत नाहीत. भाडं दोन तऱ्हांनी सांगतात. थंड भाडं म्हणजे नुसत्या जागेचं. गरम भाडं म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्यातला दिवा वगैरे खर्च मिळवून. विजेचं बिल बहुधा त्याहूनही वेगळं. गरम भाड्यातला वरखर्च हा अंदाज असतो. वर्षाने हिशेब येतो आणि जास्त वापर निघाला तर फरक भरावा लागतो. युरोपातल्या पहिल्या हिवाळ्यात पंखा लावावा तसं हीटर चोवीस तास फुल ठेवणाऱ्यांना हा हिशेब चांगलाच लक्षात राहतो.

अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकी घेता येते, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला कायद्याने आहे. घर सोडताना नोटीस तीन महिन्यांची. किल्ली घेताना प्रत्येक ओरखडा, प्रत्येक डाग ताबा-पत्रकात लिहून घ्या, फोटो काढा. अनामतीचं पुढचं सगळं भांडण या कागदावर ठरतं.

बऱ्याच घरांत स्वयंपाकघर नसतं. म्हणजे खोली असते, पण ओटा, सिंक, कपाटं काहीच नाही, भिंतीतून नुसता नळाचा पाइप डोकावत असतो. आधीचा भाडेकरू सगळं सुटं करून घेऊन गेलेला असतो, क्वचित छताचे दिवेसुद्धा. म्हणून घर बघतानाच विचारा, किचन राहणार आहे का? आधीच्याकडून ते विकत घ्यायची पद्धत आहे, आणि घासाघीस चालते.

मालक शूफा मागेल. शूफा म्हणजे आपल्या सिबिलचा जर्मन भाऊ. तुम्ही नवे आलात तर तिथे तुमच्याविषयी काहीच नसणार, हे मालकालाही माहीत असतं. त्याऐवजी नोकरीचा करार, पगारपत्रकं आणि घरात कोण राहणार याची चार ओळींची नीट ओळख द्या. आणि 'मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल' असं लिहिणारा माणूस मालक नसतो. घर आतून पाहिल्याशिवाय एक युरोही द्यायचा नाही.

आता फोडणीविषयी. ही गोष्ट कुठल्याच सरकारी माहितीपत्रकात नीट सापडत नाही. नवी जर्मन घरं थर्मासच्या बाटलीसारखी बंद असतात. आपण भात लावतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, आमटी उकळते, हिवाळ्यात कपडे घरातच वाळत घालतो. ती सगळी वाफ जाणार कुठे? खिडकीच्या कोपऱ्यात, कपाटामागच्या थंड भिंतीवर बसते आणि महिन्याभरात काळी बुरशी धरते. मालक म्हणतो, तुम्ही नीट वारं खेळवलं नाही, रंगाचे पैसे भरा. वारं खेळवणं याला इथे ल्युफ्टन म्हणतात, आणि त्याची पद्धत आहे. खिडकी दिवसभर किलकिली ठेवायची नाही. त्याने भिंत गार पडते आणि बुरशीला आयतं रान मिळतं. दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, बाहेर बर्फ पडत असला तरी. तेवढा वेळ हीटर बंद. स्वयंपाक आणि अंघोळीनंतर एकदा जास्तीचं. दहा-पंधरा युरोचं आर्द्रतामापक आणून काटा साठ टक्क्यांच्या खाली राहतोय ना, ते बघा. मी आधी याला शेजारच्या आजीबाईंचा छांदिष्टपणा समजत होते. बेडरूमच्या कोपऱ्यातली भिंत घासून काढताना मत बदललं.

स्टुटगार्टच्या बाजूला आलात तर आणखी एक गंमत. एखाद्या सकाळी तुमच्या दाराच्या मुठीला 'केअरवोखं' असं लिहिलेली पाटी लटकलेली दिसेल. म्हणजे या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी तुमची. आठवडा संपला की पाटी पुढच्या दाराला. श्वाब, म्हणजे या भागातल्या लोकांची स्वच्छतेची ही हौस जुनी आहे. १४९२च्या स्टुटगार्टच्या नगरनियमांतही दर आठवड्याला घाण बाहेर नेण्याचा हुकूम सापडतो. जिना स्वच्छ दिसतोय म्हणून पाळी चुकवू नका. जिना किती मळलाय याला महत्त्व नाही, तुम्ही फडकं घेऊन दिसलात की नाही याला आहे.

रविवारी ड्रिल मशीन लावायचं नाही, रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, काचेच्या बाटल्याही रविवारी कुंडीत टाकायच्या नाहीत. दुकानं रविवारी बंद, तेव्हा शनिवारीच दूध-भाजी आणा. कचऱ्याच्या डब्यांचे रंग गावागणिक बदलतात, गावाच्या कार्यालयातून त्याचं वेळापत्रक घ्या.

आजारपण

विमा नसलेला माणूस इथे कायदेशीर राहूच शकत नाही. नोकरदाराला दोन वाटा असतात, सरकारी पद्धतीच्या विमासंस्था आणि खासगी विमा. सरकारी पद्धतीत पगाराच्या १४.६ टक्के आणि वर संस्थेचा थोडा जादा दर, यातला निम्मा वाटा कंपनी भरते. कमावता नसलेला जोडीदार आणि मुलं यांना त्याच पैशांत विमा मिळतो. खासगी विमा ठरावीक पगाराच्या वरच घेता येतो आणि पंचविशीत तो स्वस्त वाटतो. पण तिथे प्रत्येक माणसाचे पैसे वेगळे, वय वाढेल तसा हप्ता वाढतो, आणि परत यायचं दार अरुंद असतं, पंचावन्नीनंतर जवळजवळ बंदच. कुटुंब वाढवायचा विचार असेल तर एजंटाच्या कॉफीला भुलू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोचल्यावर, धडधाकट असतानाच घराजवळचा हाउसआर्त्स्ट, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, शोधून नाव घालून या. ताप चढल्यावर शोधायला गेलात तर 'नवे रुग्ण घेत नाही' ऐकावं लागतं. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा पण जिवावरचं नाही, तर ११६११७ फिरवा. जिवावरचं असेल तर ११२. सर्दीला अँटिबायोटिक मिळणार नाही. चहा प्या आणि झोपा, असं डॉक्टर गंभीरपणे सांगतील. मुळात चिठ्ठीशिवाय औषधाच्या दुकानात अँटिबायोटिक मिळतच नाही. आई-बाबा भेटायला येणार असतील तर त्यांचा प्रवास विमा वेगळा काढा. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा लागतो, पण आधीपासूनच्या मधुमेहाचा, रक्तदाबाचा खर्च त्यात येतो का, ते बारीक अक्षरांत वाचा.

आणखी एक विमा सक्तीचा नाही, तरी घ्याच. दुसऱ्याचं नुकसान आपल्या हातून झालं तर भरपाई देणारा, हाफ्टफ्लिश्ट. महिन्याला काही युरो पडतात. शेजाऱ्याच्या छतात आपल्या वॉशिंग मशीनचं पाणी झिरपलं की त्याची किंमत कळते. जर्मन कायद्यात अशा नुकसानीला वरची मर्यादा नाही.

परवाना आणि परवाने

भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं. पुढे लेखी आणि गाडी चालवण्याची, अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, कारण परीक्षेविना बदलून मिळणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही. नवशिक्याला सक्तीचे असलेले तासांचे पाठ मात्र तुम्हाला लागत नाहीत. सहा महिन्यांनंतर जुन्या लायसन्सवर गाडी चालवणं हा दंडावर भागणारा प्रकार नाही, तो गुन्हा धरतात. पुण्यात वीस वर्षं गाडी चालवलेले लोक इथे पहिल्या परीक्षेत नापास होतात, तेही बहुतेक उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ न दिल्यामुळे.

राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण मुदत संपायच्या आधी मागितलं पाहिजे, कार्यालयाची वेळ मिळो न मिळो. मुदतीत अर्ज पोचला की निकाल लागेपर्यंत जुना परवाना चालू धरला जातो. मधल्या काळासाठी एक तात्पुरता कागद मिळतो, त्याला फिक्टिओन्सबेशायनिगुंग म्हणतात. त्यावर कोणत्या चौकटीत खूण केली आहे ते बघा. कलम ८१च्या चौथ्या उपकलमाची असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. तिसऱ्या उपकलमाची असेल तर विमानाचं तिकीट काढण्याआधी कार्यालयाला विचारा. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना, असलेल्यांना कायमचा परवाना २७ महिन्यांनी मिळू शकतो, आणि बी-वन, म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांनीच. ऑफिसात इंग्रजी चालतं म्हणून भाषेचा वर्ग पुढे ढकलणारे हे सहा महिने हकनाक घालवतात. शक्य असेल तर पुण्यातूनच, मॅक्स म्युलर भवनात किंवा दुसरीकडे, निदान त्याच्या आधीची ए-टू पातळी करून निघा. एका बाबतीत आपल्याला फायदा आहे. 'झी' आणि 'डू' म्हणजे 'तुम्ही' आणि 'तू', हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. घरमालक, डॉक्टर, कार्यालयातली बाई, सगळे 'झी' आणि आडनावाने. 'डू' समोरच्याने देऊ केल्याशिवाय घ्यायचा नाही.

शेवटी देश सोडून निघालात तर नोंदणी रद्द करावी लागते. निघण्याच्या एक आठवडा आधीपासून ते निघाल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत ती करता येते. जर्मनीतच दुसऱ्या गावी जाताना याची गरज नाही, नव्या गावी नोंद केली की जुनी आपोआप जाते. रद्द केल्याचा दाखला घ्या आणि त्याची प्रत जोडून टीव्हीची वर्गणी वेगळी बंद करा, ती आपोआप थांबत नाही. बँकेचं खातं लगेच मोडू नका, अनामत आणि वरखर्चाचा शेवटचा हिशेब यायला वर्ष लागू शकतं. आणि टपाल वळवण्याचा अर्ज पोस्टात द्या, सांगलीच्या पत्त्यावरसुद्धा पाठवतात. तिथे मात्र दत्तमंदिरासमोर असं लिहिलेलं बरं.